गाडी कधी चालू होते, कधी होत नाही : दोष शोधण्याचा क्रम

गाडी आठवड्यातून एखाद्या सकाळी चालू होत नाही, अर्ध्या तासाने काही घडलेच नव्हते अशी चालू होते आणि गॅरेजच्या दारात नेल्यावर तर एकदाही अडत नाही. अशा गाडीवर आपल्या सातारा-सांगलीकडे जवळपास ठरलेला उपचार होतो. आधी बॅटरी बदलली जाते. दोष परत आला की सेल्फचे, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणाऱ्या स्टार्टर मोटरचे, काम केले जाते. मग रिले (विजेने चालणारा छोटा स्विच), मग पेट्रोलचा पंप, आणि शेवटी ‘वायरिंगमध्ये काहीतरी आहे’ या वाक्यावर तपास थांबतो. यातला प्रत्येक भाग कधी ना कधी खरोखरच दोषी निघतो, परंतु मोजमाप न करता बदललेल्या भागाने काहीच सिद्ध होत नाही, कारण अधूनमधून येणारा दोष नवा भाग बसवल्यावर चार दिवस आपोआपही गप्प राहतो.

खाली दिलेला क्रम एकाच नियमावर उभा आहे: दोष हजर असतानाच मोजावे, आणि मोजून होईपर्यंत कशालाही हात लावू नये. हा क्रम १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल गाड्यांसाठी आहे. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांतील नारिंगी रंगाच्या जाड केबलींना घरी अजिबात हात लावू नये.

टप्पा १ : तयारी आणि नोंदवही

साहित्य थोडेच लागते. एक डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, दोन्ही टोकांना चिमटे असलेली दोन मीटर वायर, १० नंबरचा पाना, टॉर्च आणि गाडीची दुसरी चावी एवढे सामान गाडीतच ठेवावे. घरी ठेवलेला मीटर कोरेगावच्या बाजारात बंद पडलेल्या गाडीच्या उपयोगाचा नसतो. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र) मिळाला तर उत्तम. २०१३ नंतर बनलेल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली त्याची जोडणी असते आणि मोबाइलवर चालणारा साधा स्कॅनरही या कामाला पुरतो.

साहित्यापेक्षा नोंदवही महत्त्वाची आहे. गाडी अडली की त्याच वेळी पुढील गोष्टी लिहाव्यात: गाडी किती वेळ उभी होती, इंजिन गार होते की तापलेले, त्याआधीचा प्रवास किती लांबीचा होता, पाऊस किंवा धुके होते का, टाकीत पेट्रोल किती होते, कोणती चावी वापरली, आणि चावी फिरवल्यावर नेमका कोणता आवाज आला. शेवटी गाडी कशाने चालू झाली, हेही लिहावे. ती थांबून राहिल्याने चालू झाली, बोनेटखाली काही हलवल्याने झाली, क्लच पुन्हा दाबल्याने झाली की दुसऱ्याच्या बॅटरीने झाली, या एका ओळीत बहुतेकदा निम्मे निदान असते.

साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका एवढेच रोज फिरणारी गाडी दोन दिवसांच्या सुट्टीनंतर सकाळी अडत असेल, तर तिची दिशा बॅटरी आणि चार्जिंग ही आहे. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला चहासाठी थांबलेली गाडी दहा मिनिटांनी चालू होत नसेल आणि तासाभराने होत असेल, तर तापल्यावर बिघडणारा भाग शोधायचा आहे, म्हणजे सेल्फ किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे संगणकाला सांगणारा भाग). पावसाळ्यातच अडणारी गाडी अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची बॉडीशी आणि इंजिनशी जोडणी), कनेक्टर किंवा फ्यूज बॉक्समध्ये शिरणाऱ्या पाण्याकडे बोट दाखवते. तीन-चार नोंदी झाल्या की असे साम्य दिसू लागते, आणि तोवर पैसे खर्च करू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

इशारा: स्कॅनर असेल तर बॅटरीची वायर काढण्याआधी कोड वाचून लिहून ठेवावेत. बॅटरी सोडल्यावर अनेक गाड्यांतील नोंदलेले कोड आणि त्या क्षणाची माहिती पुसली जाते.

टप्पा २ : दोष हजर असताना पहिली दोन मिनिटे

गाडी अडली की बहुतेक चालक चावी पुन्हा पुन्हा फिरवतात. त्याने बॅटरी उतरते, सेल्फ तापतो, पेट्रोल इंजिनात जास्तीचे इंधन साचते आणि मूळ दोषावर दोन नवे दोष चढतात. त्याऐवजी गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी, हँडब्रेक ओढावा आणि पुढील क्रम पाळावा.

आधी चावी फक्त ‘ऑन’वर न्यावी आणि मीटर पॅनेलवरचे दिवे पाहावेत. ते नेहमीसारखे उजळ आहेत का, इंजिनचा पिवळा दिवा लागला का, चावीचे किंवा कुलपाचे चिन्ह लुकलुकते आहे का, आणि पेट्रोल गाडीत मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंदांचा गुणगुणता आवाज आला का, एवढे तपासावे. त्यानंतर गाडीच्या आतला दिवा लावून चावी एकदाच, जास्तीत जास्त पाच सेकंद, फिरवावी. हेडलाइटऐवजी आतला दिवा सांगण्याचे कारण असे की अनेक नव्या गाड्यांत सेल्फ मारताना हेडलाइट मुद्दाम बंद होतो आणि पाहणाऱ्याची फसगत होते.

आता जे घडले ते खालीलपैकी कोणत्या प्रकारात बसते ते ठरवावे.

(क) काहीच आवाज नाही, आतला दिवा उजळच राहिला. सेल्फपर्यंत आदेशच पोहोचत नाही. टप्पा ५ कडे जावे.

(ख) एकच जोरदार ‘टक्’ आवाज, इंजिन फिरत नाही. दिवा उजळ राहिला तर सेल्फ किंवा जाड केबल. दिवा पार मंदावला तर बॅटरी, टर्मिनल (बॅटरीला वायर जोडणारा चिमटा) किंवा अडकलेला सेल्फ.

(ग) ‘टक-टक-टक’ असा भराभर आवाज आणि दिव्याची फडफड. बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे.

(घ) इंजिन फिरते पण रेंगाळत. बॅटरी, केबल किंवा झिजलेला सेल्फ.

(च) सेल्फ नेहमीच्या वेगाने फिरतो, पण इंजिन पकडत नाही. टप्पा ६ किंवा ७.

(छ) इंजिन चालू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते. बहुधा इमोबिलायझर (चावीची चिप ओळखली नाही तर इंजिन रोखणारी यंत्रणा) किंवा इंधनाचा दाब.

‘सेल्फ घेत नाही’ आणि ‘सेल्फ घेते पण चालू होत नाही’ या दोन वाक्यांतला फरक मेकॅनिकला फोनवर सांगितला, तरी त्याचा निम्मा वेळ वाचतो. ‘गाडी स्टार्ट होत नाही’ एवढेच सांगितले तर तो सवयीने बॅटरीकडेच जाणार.

पडताळा: बटणाने चालू होणारी गाडी असेल तर ब्रेक किंवा क्लच पूर्ण दाबून, चावी बटणाला टेकवून एकदा पाहावे. त्याने चालू झाली तर चावीतला चपटा सेल बदलावा. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये अडत असेल तर ‘एन’मध्ये प्रयत्न करावा, आणि कोणत्या स्थितीत चालू झाली ते लिहावे.

टप्पा ३ : बॅटरी, पण नीट मोजून

बॅटरी मोजण्यातच सर्वांत जास्त चुका होतात. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर प्लेटांच्या पृष्ठभागावर साचलेल्या वरवरच्या चार्जमुळे निकामी बॅटरीही १२.८ व्होल्ट दाखवते. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी, दार उघडण्याआधी, किंवा ते शक्य नसेल तर उघडून थोडा वेळ थांबल्यावर, मीटरच्या सळया बॅटरीच्या खांबांवरच (चिमटे बसतात त्या तिच्या दोन टोकांवरच) टेकवून वाचन घ्यावे. १२.६ किंवा अधिक म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करावी, मगच पुढचा तपास करावा.

केवळ या आकड्यावर बॅटरीला चांगली म्हणू नये. दुसऱ्या माणसाला चावी फिरवायला सांगून त्याच वेळी वाचन पाहावे. सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. या एका आकड्यातून दोन निष्कर्ष निघतात. गाडी अडली असताना खांबांवरचे व्होल्टेज ८ किंवा ७ वर कोसळत असेल, तर बॅटरी अशक्त आहे किंवा सेल्फ अडकून बेसुमार करंट ओढतो आहे. उलट इंजिन फिरत नसताना बॅटरी १२.४ वर ढिम्म असेल, तर करंट वाहतच नाही, आणि अशा वेळी नवी बॅटरी घेणे हा निव्वळ अपव्यय आहे.

त्यानंतर चार्जिंग पाहावे. इंजिन चालू असताना खांबांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. काही नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरचे (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) व्होल्टेज गरजेनुसार कमी-जास्त करतो, म्हणून तेथे हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा मोजावे.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगले, तरीही दोन-तीन दिवस उभी राहिल्यावर गाडी अडते, असे असेल तर बंद गाडीत करंट कुठेतरी झिरपतो आहे. बहुतेक गाड्यांत सगळे संगणक झोपल्यानंतर हा करंट ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. तो अर्धा अँपिअर झाला तर दिवसाला १२ अँपिअर-तास जातात, आणि लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत संपते. मोजण्यासाठी मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून निगेटिव्ह खांब आणि निगेटिव्ह वायर यांच्यामध्ये जोडावा, बोनेट उघडे ठेवून दारांची कुलपे पेचकसाने आत ढकलून ‘बंद’ झाल्याचे भासवावे, चावी दूर ठेवावी आणि किमान अर्धा ते पाऊण तास थांबावे. येथे घाई करणाऱ्याला जागे असलेल्या संगणकांचाच करंट दिसतो आणि तो निर्दोष गाडीत गळती शोधत बसतो. आकडा मोठाच राहिला तर एकेक फ्यूज काढून तो कोणत्या फ्यूजला खाली येतो ते पाहावे. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, कॅमेरा, जीपीएस किंवा सेंट्रल लॉक यांच्यापासून सुरुवात करावी. गळती तेथेच सापडण्याचा संभव अधिक.

इशारा: मीटर अँपिअरवर जोडलेला असताना सेल्फ मारू नये. सेल्फचा करंट शंभर अँपिअरच्या पुढे जातो आणि मीटर जळतो. तसेच इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढून ‘अल्टरनेटर तपासणे’ ही जुनी पद्धत आजच्या गाडीचा संगणक जाळू शकते. ती कोणी सुचवली तरी करू देऊ नये.

टप्पा ४ : जाड केबली आणि अर्थिंग

माझ्या मते सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच टप्प्याकडे, आणि सर्वांत स्वस्त दुरुस्तीही येथेच असते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर दिसला की लगेच तो घासून साफ केला जातो, गाडी चालू होते आणि दोष तेथेच होता की नाही हे कायमचे अज्ञात राहते. साफ करण्याआधी मोजणे म्हणूनच आवश्यक आहे.

केबल चांगली आहे का हे मीटरच्या ओहमवर पाहून कळत नाही. केबलीच्या शंभर तारांपैकी पाच शाबूत असल्या तरी मीटर जवळपास शून्य ओहम दाखवतो. परंतु ०.०१ ओहमचा अडथळासुद्धा १५० अँपिअरला दीड व्होल्ट खातो, आणि तेवढ्याने गार सकाळी सेल्फ अडतो. त्यामुळे करंट वाहत असताना, म्हणजे सेल्फ मारताना, केबलीच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात हे मोजावे लागते.

पेट्रोल गाडीत इंजिन चालू होऊ नये म्हणून पंपाचा फ्यूज काढावा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पाच सेकंद सेल्फ मारावा, वाचन ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत हवे. मग एक सळई पॉझिटिव्ह खांबावर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर; येथे ०.५ व्होल्टपर्यंत चालते. शेवटी खांब आणि त्यावरचा चिमटा यांच्यामध्येच मोजावे. तेथे जवळपास शून्य यायला हवे. चिमट्यावर सळई टेकवून ‘बॅटरी ठीक आहे’ म्हणणारे याच सांध्यातला दोष वर्षानुवर्षे चुकवतात.

एक बारकावा मात्र ध्यानात ठेवावा. सेल्फ अजिबात फिरत नसेल आणि करंट वाहतच नसेल, तर कोणत्याही केबलीवर व्होल्ट हरवलेले दिसणार नाहीत, आणि तुटक्या केबलीलाही चांगल्याचे प्रमाणपत्र मिळेल. अशा अडलेल्या क्षणी निर्णायक मोजमाप एकच: सेल्फचा जाड बोल्ट आणि सेल्फची स्वतःची बॉडी यांच्यामध्ये, चावी फिरवलेली असताना. तेथे बारा व्होल्टच्या आसपास असूनही सेल्फ फिरत नसेल, तर त्या अडण्याला केबली कारण नाहीत. तेथे तीन-चार व्होल्टच उरले आणि बॅटरीच्या खांबांवर मात्र बारा असतील, तर केबल किंवा अर्थिंग दोषी आहे यात शंका राहत नाही. दोन मीटरची चिमट्याची वायर याचसाठी सांगितली. ती आधीच बोल्टला जोडून वर आणून, टोक टेपने नीट झाकून ठेवावे, म्हणजे गाडी अडेल त्या दिवशी खाली वाकावे लागत नाही. ही वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हला जोडलेली राहते, म्हणून तिच्यात वरच्या मोकळ्या टोकाऐवजी बोल्टजवळच पाच अँपिअरचा फ्यूज बसवून घ्यावा.

सांगली शहरातील गाड्यांबाबत एक जादा तपासणी हवी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधल्या कृष्णेच्या महापुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांचे इंजिन साफ झाले असले तरी गालिच्याखालचे अर्थिंगचे बोल्ट आणि दाराच्या उंबऱ्यातले कनेक्टर गंजलेले राहिलेले असू शकतात. अशी गाडी जुनी म्हणून विकत घेतली असेल आणि ती दमट हवेत अडत असेल, तर बॉडीला जोडलेला प्रत्येक अर्थिंग बोल्ट सोडून, पॉलिश पेपरने उजळ करून, घट्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावावी. आधी आवळावे आणि मग जेली लावावी; उलट केल्यास सांध्यातच थर बसतो. टर्मिनल सोडताना निगेटिव्ह आधी काढावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे.

इशारा: गाडीखाली फक्त जॅकच्या भरवशावर जाऊ नये, घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावाव्यात. गाडीखाली किंवा इंजिनजवळ माणूस असताना चावी फिरवणाऱ्याने ती गिअरमध्ये नाही हे स्वतः पाहावे.

टप्पा ५ : सेल्फ आणि त्याला जाणारा आदेश

सेल्फवर जाड बोल्टाशेजारी एक बारीक वायर येते. चावीपासून निघालेला आदेश इग्निशन स्विच, क्लच किंवा न्यूट्रल स्विच, रिले आणि काही गाड्यांत इंजिनचा संगणक असा प्रवास करून या वायरीवर पोहोचतो. म्हणून टेस्ट लॅम्प आधी याच वायरीला लावावा.

गाडी अडली असताना चावी फिरवल्यावर दिवा पूर्ण उजळला आणि जाड बोल्टवरही बारा व्होल्ट असले, तर सेल्फ उतरवावा. त्याचे कार्बन ब्रश झिजलेले असतील किंवा सोलेनॉइडमधले (सेल्फवरच्या चुंबकी स्विचमधले) तांब्याचे संपर्क जळलेले असतील. लाकडी दांड्याने सेल्फवर हलके ठोकल्यावर गाडी चालू होते हे खरे आहे, आणि तो ब्रश झिजल्याचा चांगला पुरावा आहे. परंतु ती दुरुस्ती नव्हे. ‘टक्’ आवाज येतो पण सेल्फ फिरत नाही, विशेषतः घाट चढून आल्यावर, हे याच दोषाचे नेहमीचे लक्षण आहे.

दिवा लागलाच नाही तर सेल्फ निर्दोष आहे आणि दोष मागे आहे. दिवा मंद लागला तर मीटरने मोजावे. चावी फिरवलेली असताना बारीक वायरीवर साधारण साडेदहा व्होल्टपेक्षा कमी येत असतील, तर इग्निशन स्विचचे किंवा रिलेचे संपर्क जळत आले आहेत. क्लच स्विचसाठी पेडल दोन-तीनदा पूर्ण दाबून पाहावे, पायाखालची रबराची मॅट पेडलच्या मागे अडकलेली नाही ना तेही पाहावे. हे कारण क्षुल्लक वाटते, पण नवा सेल्फ बसवण्याआधी ते पाहिलेच पाहिजे.

रिले तपासण्यासाठी फ्यूज बॉक्समधला त्याच क्रमांकाचा दुसरा रिले तेथे लावून पाहता येतो. मात्र ही अदलाबदल दोष हजर असतानाच करावी. गाडी व्यवस्थित चालू होत असताना रिले बदलून ‘आता ठीक झाली’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

इशारा: पेचकसाने सेल्फचे दोन बोल्ट जोडून गाडी चालू करू नये. गाडी गिअरमध्ये असेल तर ती अंगावर येते. स्टिअरिंगखालच्या पिवळ्या आवरणातील वायरी एअरबॅगच्या असतात. त्यांना टेस्ट लॅम्प लावू नये.

टप्पा ६ : सेल्फ घेते, पण पेट्रोल इंजिन पकडत नाही

येथे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत: इंजिन फिरते आहे हे संगणकाला कळते का, इंधन पोहोचते का, आणि ठिणगी पडते का. पहिला प्रश्न सर्वांत सोपा असूनही तो शेवटी विचारला जातो. स्कॅनरवर इंजिनचा वेग पाहत सेल्फ मारावा. मिनिटाला साधारण दोन-अडीचशे फेऱ्या दिसायला हव्यात. आकडा शून्यच राहिला तर संगणकाला इंजिन फिरत असल्याचे ठाऊकच नाही, म्हणून तो ठिणगी आणि इंधन दोन्ही रोखून धरतो. अशा वेळी क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा त्याचा कनेक्टर पाहावा. हा सेन्सर तापल्यावर मरतो आणि गार झाल्यावर जिवंत होतो, आणि दरवेळी कोड नोंदवला जातोच असे नाही. नोंदवला गेला तर तो बहुधा पी ०३३५ असतो. कॅम सेन्सरसाठी पी ०३४०.

वेग दिसत असेल तर पंपाकडे वळावे. चावी ऑन केल्यावर पंपाचा आवाज येत नसेल, तर अडलेल्या क्षणीच पंपाच्या कनेक्टरवर टेस्ट लॅम्प लावावा. दिवा लागतो पण पंप फिरत नाही, तर पंप गेला. दिवाच लागत नाही, तर रिले, फ्यूज, वायर किंवा अर्थिंग. रात्रभर उभी राहिल्यावर दीर्घकाळ सेल्फ मारावा लागतो पण चावी तीनदा ऑन-ऑफ करून मग मारल्यास गाडी लगेच पकडते, असे होत असेल तर पाइपमधला दाब रात्रीत उतरतो आहे. पंपाच्या झडपेचा दोष किंवा गळणारा इंजेक्टर ही त्याची कारणे; खात्री प्रेशर गेजनेच करावी.

पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर इंजिन ‘ओले’ झाले आहे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून पाच-सात सेकंद सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत त्या अवस्थेत इंधन बंद राहते आणि इंजिन कोरडे होते.

सीएनजी गाड्यांत एक खास चूक होते. बहुतेक गाड्या चालू पेट्रोलवर होतात आणि नंतर गॅसवर जातात, पण चालक टाकीत जेमतेम दोन लिटर पेट्रोल महिनोन्महिने ठेवतो. पेट्रोल जुने होते, पंप कोरडा पडतो आणि तापतो. अशी गाडी उतारावर उभी असताना अडते आणि सपाटीवर चालू होते, हा नोंदवहीतला तपशील फार बोलका आहे. टाकीत निदान पाव भाग ताजे पेट्रोल भरल्याशिवाय पुढचा तपास करू नये.

चालू होऊन लगेच बंद पडणाऱ्या गाडीत दुसरी चावी वापरावी, आणि पहिल्या चावीच्या कडीतून इतर चाव्या व धातूच्या वस्तू काढून पाहाव्यात. दुसऱ्या चावीने दोष कधीच येत नसेल तर चावीतली चिप संशयित आहे.

टप्पा ७ : डिझेल

डिझेल गाडी गार असताना अडते आणि पकडल्यावर पांढरा धूर सोडते, तर ग्लो प्लग (गार इंजिन तापवणारे छोटे हीटर) आणि त्यांचा रिले तपासावा. महाबळेश्वरच्या थंडीत हा दोष उघडा पडतो आणि सांगलीच्या एप्रिलमध्ये लपतो. फिल्टर बदलल्यानंतर किंवा टाकी रिकामी झाल्यानंतर अडत असेल तर पाइपने हवा धरली आहे. फिल्टरजवळचा हातपंप तो कडक होईपर्यंत दाबावा. रात्रीनंतर तो दरवेळी मऊ पडत असेल, तर कुठल्यातरी सांध्यातून हवा आत ओढली जाते आहे. फिल्टरखालचे पाणीही याच वेळी काढावे.

इशारा: कॉमन रेल (सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन देणाऱ्या) डिझेलच्या इंजेक्टरचा पाइप इंजिन फिरत असताना सैल करू नये. त्यातला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो आणि तो डिझेलचा फवारा थेट त्वचेत घुसवतो.

टप्पा ८ : दोष येतच नसेल तर त्याला बोलवावे

नोंदवहीतील साम्य येथे उपयोगी पडते. तापल्यावर अडणाऱ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, नोंदीप्रमाणे तापवून, बंद करून दहा मिनिटांनी प्रयत्न करावा. गरज पडली तर संशयित सेन्सरवर हेअर ड्रायरची गरम हवा सोडावी. पावसात अडणाऱ्या गाडीत झाडांना मारायच्या पंपाने एका वेळी एकाच भागावर पाणी शिंपडावे. सगळे इंजिन एकदम धुतले तर दोष येईल, पण कोठे आहे ते कळणार नाही. वायरीसाठी इंजिन मंद चालू ठेवून एकेक जुडगा हलक्या हाताने हलवावा. इंजिन दचकले की तेथेच थांबावे. उसाच्या फडाशेजारी किंवा गोठ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेली वायर मुख्यतः इंजिनच्या मागच्या बाजूला, उबदार कोपऱ्यात सापडते.

टप्पा ९ : दुरुस्ती आणि तिची खात्री

एका वेळी एकच भाग बदलावा. बॅटरी, रिले आणि सेन्सर एकाच दिवशी बदलले तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि परत आला तर तपास पहिल्यापासून सुरू होतो. गाडी मेकॅनिककडे देताना नोंदवहीचे पान सोबत द्यावे. ‘तापल्यावर, एकच टक्, बॅटरीवर १२.४, सेल्फच्या बोल्टवर १२.२, बारीक वायरीवर ११.८’ एवढी एक ओळ असेल, तर विट्याच्या छोट्या गॅरेजमध्येही सेल्फ नेमकेपणाने दुरुस्त होतो. काढलेला जुना भाग परत मागून घ्यावा आणि त्यातला दोष डोळ्यांनी पाहावा: ब्रश खरोखर झिजले आहेत का, संपर्क खरोखर जळले आहेत का.

दुरुस्तीनंतर ज्या परिस्थितीत गाडी अडत होती तीच परिस्थिती पुन्हा आणून तपासावे. पसरणी घाटानंतर अडणारी गाडी गॅरेजच्या अंगणात दहा वेळा चालू झाली, तरी त्यावर दोष गेला असे धरू नये. आठवड्यातून एकदा येणारा दोष तीन-चार आठवडे आला नाही, आणि सेल्फ मारतानाची वाचनेही मर्यादेत राहिली, तरच नोंदवहीतले ते पान बंद करावे.